पिवळ्या कार्डावरच्या चार धावा

गॉगल टेबलावर ठेवताना तो काचा वर करून ठेवायचा. काच पुसायला रुमाल नाही, शर्टाची आतली बाजू. बूट घालताना डावा आधी. कारखान्याच्या अरुंद बोळातून चालतानाही मध्येच उजव्या खांद्यावरून मागे बघायचा, मागून ट्रक येत असल्यासारखा. चहा उभ्यानेच. आणि कुठल्याही वस्तूला पहिल्या भेटीत चांगलं म्हणायचं नाही. "पुन्हा बघू," एवढंच.

म्हणून त्याचं नाव 'पुन्हा' पडलं. मालकही त्याच नावाने हाक मारायचे. मी दादा म्हणायचे.

आमचा कारखाना छोटा. धावणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी गॉगल बनवायचा. दादाचं काम चाचणीचं. नवा नमुना आला की चार धावा आणि सायकलच्या चार फेऱ्या. रस्ता ठरलेला. कालव्याच्या कडेने पूल, मग चढ, मग रेल्वेरुळांखालचा लांब बोगदा, मग उतार. परत आला की पिवळ्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचा. घसरतो का. वाफ धरते का. कडेचं वाकडं दिसतं का. बोगद्यात काय होतं.

मी साहित्यात एम.ए. झालेली, खोक्यावरचा मजकूर लिहायला ठेवलेली. मी आयुष्यात बसमागेसुद्धा धावले नव्हते. त्यामुळे त्याचं कार्ड हेच माझं सगळं. शब्द माझे, घाम त्याचा. मला तो 'कादंबरी' म्हणायचा. म्हणायचा, माझ्या चार ओळींचं तू पाल्हाळ लावतेस.

पण त्या चार ओळी काय असायच्या. 'दुसऱ्या धावेत नाकाच्या डाव्या बाजूला घाम साचला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा शिवी दिली.' एकदा मालकांनी लाल फ्रेमसाठी फारच गळ घातली. तेव्हा त्याने लिहिलं, 'रंग झकास. डोळे मिटले तर बाकीही झकास.' तो नमुना तिथेच बाद झाला. कमी शब्दांत खरं कसं लिहावं, हे मी विद्यापीठात नाही, त्या कार्डांवर शिकले.

आधी अठरा वर्षं त्याने सायकलवरून टपाल वाटलं होतं. शर्यतीतली पदकं घरी पान्यांच्या डब्यात पडलेली असत. वहिनी ओरडायच्या, तर म्हणायचा, लोखंडात लोखंड.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नवा नमुना आला. उन्हात काच आपोआप गडद होणार, सावलीत उजळणार. मालकांचा त्यावर फार जीव. दादाचं कार्ड आलं: 'चार धावा, चार फेऱ्या. बोगद्यात स्वच्छ.' त्यावरून मी खोक्यावर लिहिलं, 'उन्हातून सावलीत जाताना डोळ्यांना कळणारही नाही.' वाक्य मलाच इतकं आवडलं की पहिला गॉगल मी माझ्या ताईला दिला.

ताई नर्स आहे. सायकलवरून कामावर जाते. ती त्या बोगद्यात शिरली आणि तिला समोरचं काहीच दिसेना. दुरुस्तीसाठी लावलेल्या लोखंडी अडसरावर ती जाऊन आदळली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "अगं, दिवसाढवळ्या रात्र झाली."

मला वाटलं, तेवढाच एक नग बिघडलेला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातून दुसरा घेतला आणि पायीच निघाले. कालव्यावर ऊन होतं. काच छान काळी झाली. बोगद्यात शिरले आणि भिंत चाचपत चालू लागले. पलीकडच्या तोंडाशी आले तरी काच उजळली नव्हती.

मग त्या कार्डावर 'स्वच्छ' कसं?

विचारायला त्याच्या घरी गेले. तो नव्हता. वहिनींनी पाणी दिलं, ताईची विचारपूस केली. मी म्हटलं, दादा धावायला गेलाय का. वहिनींनी तांब्या खाली ठेवला.

"धावायला? गेल्या थंडीपासून तो जिना एकेक पायरी उतरतो. रोज शेक देते मी गुडघ्यांना. तुम्हीच तर बसून करायचं काम दिलंत ना?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. पाणी तसंच ठेवून उठले.

तो बोगद्याच्या तोंडाशी सापडला. कडेला मोठं झाड आहे, खाली सिमेंटचा बाक. सायकल झाडाला टेकवलेली. नाकावर कुठला तरी नवा नमुना. हातात इस्त्रीवाल्यांकडे असते तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली. तो कपाळावर घाम मारत होता.

मला बघून त्याने बाटली लपवली नाही. बाकावर सरकून जागा केली. मी उभीच राहिले.

"दादा, तो उन्हात काळा होणारा. तो कुठे घालून बघितलास?"

"इथेच."

"इथे म्हणजे?"

"या बाकावर. मग चालत आत गेलो. लख्ख दिसलं गं. ते खोटं नाही लिहिलं मी."

मी वर बघितलं. झाडाची सावली बाकापासून थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत होती. त्याची काच उन्हात गेलीच नव्हती. काळी झालीच नाही, तर आत अंधार कसा येणार? जो माणूस प्रत्येक गोष्ट पुन्हा बघायचा, त्याने हे एकदाही बघितलं नव्हतं.

मी ते बोलून दाखवलं. त्याने गॉगल काढला.

"गुडघे गेले म्हटलं असतं, तर मालकांनी खोकी चिकटवायला बसवलं असतं," तो म्हणाला.

"मला सांगायचंस."

"तुला? तू माझी कार्डं वाचून डोळे पुसायचीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईच्या मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घातलेत, ती आता सुई धरू शकेल का हे डॉक्टरांनाही माहीत नाही, असं मी सांगितलं. तो एकदा 'अरे' म्हणाला, इतक्या हळू की ते मला उद्देशून नसावं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी निबंधांत कितीदा वापरलं होतं. खरोखर होतं तेव्हा दुखत नाही. फक्त समोरचा माणूस एकदम अनोळखी दिसायला लागतो.

मालकांना मी सगळं सांगितलं. ते आधी माझ्यावरच चिडले, मग खुर्चीत बसले. तो माल दुकानांत गेला होता आणि रोज कुणी ना कुणी तो घालून बोगद्यांत शिरत होतं. ताई पहिली होती एवढंच. मालक म्हणाले, दुकानदारांना तोंडी सांगून कुणी माल परत देत नाही. आणि बसून पास केलेला हा एकच आहे कशावरून? पुन्हाने थंडीपासूनचे सगळे नमुने लिहून द्यावेत आणि खाली सही करावी. त्याच दिवशी माल परत आणायला गाडी पाठवतो.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दाढी केलेली होती. माझ्याच टेबलाशी बसला, माझाच कागद घेतला. पहिल्यांदाच मी त्याला बसून चहा पिताना बघितलं. "जेवायच्या सुट्टीपर्यंत देतो," म्हणाला. दुपारी मी ताईला डबा द्यायला गेले. परत आले तेव्हा खुर्ची आत सरकवलेली होती आणि चहाचा कप विसळून पालथा घातलेला होता. शेजारी कागद होता.

संध्याकाळी वहिनींकडे गेले. एक पिशवी घेऊन तो भावाकडे गेला होता. कधी येणार, सांगितलं नव्हतं. त्यांनी मला आत बोलावलं नाही. त्याचा फोन अजून बंदच आहे.

मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाले, सहीशिवाय हे मी कुणाला दाखवू? गाडी गेली नाही. मी एकटीने फोन करते आहे. दुकानदार विचारतात, तुम्ही कोण? मी म्हणते, खोक्यावरचं लिहिणारी. ते हसतात.

कागद माझ्याकडे आहे. अक्षर सरळ, टोकदार पेन्सिलीचं. वर लिहिलंय, 'मी जे घालून धावलो नाही ते.' खाली एक ते पाच नमुने. उन्हात काळा होणारा पहिला. पाचही खोक्यांवरचा मजकूर माझाच. मग सहावा आकडा, त्यापुढे टिंब, आणि पुढे काही नाही.