खरातांच्या घरचं रोस्ट

वेळ संध्याकाळी सातची. ठिकाण, जालन्याच्या स्टेशनामागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. दिवस नाताळचा, ऐंशीच्या दशकातला. दाराबाहेर चपलांचे सहा जोड, आणि सहाही आमच्या दैनिकाच्या ऑफिसातले!

पेपरात उभी हयात गेली की छापलेल्या बातम्या विसरून जातात. न छापलेलं मात्र साचत राहतं. माझ्याकडचं निम्मं तरी एका पातेल्याभोवती साचलंय.

पातेलं शांतवन खरातांचं. खरात आमचे मुद्रितशोधक. ख्रिश्चन, अबोल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नाताळला ते नगरपालिकेच्या कत्तलखान्यातून म्हशीच्या मांसाचा, म्हणजे आमच्याकडं ज्याला 'बड्याचं' म्हणतात त्याचा, अख्खा तुकडा आणायचे. पावतीसकट! मार्थावहिनी तो व्हिनेगर, मिरी आणि आलं-लसणात मुरवून, दोऱ्यानं बांधून मंद आचेवर ठेवायच्या. झाकणावर निखारे. शेवटी त्याच रसात बटाटे. वास गल्लीच्या तोंडाशी येऊन आम्हाला घेऊन जायचा.

पहिल्याच वर्षी संपादकसाहेबांनी बसता बसता जाहीर केलं, "वहिनी, मी आपले फक्त बटाटे घेईन."

अकरा बटाटे झाले. वहिनींनी विचारलं, "साहेब, रस वाढू का?"

"वाढा की! रस बटाट्यांचाच तर आहे!"

*

आमचा शहर वार्ताहर देशमुख. घरी बायकोला सांगायचा, खरातांकडं बोकडाचं मटण असतं. ती बिचारी एकदा भाजीबाजारात मार्थावहिनींना भेटली.

"अहो, आमच्याकडं असं मऊ कधीच होत न्हाई म्हणे. कोणत्या खाटकाकडून आणता?"

वहिनी मेथीची जुडी झटकत म्हणाल्या, "ते तुमच्या मालकांनाच विचारा, बाई. तीन वर्षं झाली, पहिला तुकडा तेच उचलून राह्यले!"

देशमुख आठवडाभर बाहेर जेवला.

*

तेव्हा खिळे जुळवून छपाई व्हायची. जुळवलेलं पान सांडू नये म्हणून त्याच्याभोवती दोरा गुंडाळून घट्ट बांधायचे. तो दोरा एका नाताळात कमी पडला आणि फोरमन नानारावांनी मस्तगडातला आमचा प्रेस डोक्यावर घेतला. गळ्यात तुळशीची माळ, आवाज मशीनच्या वरचा. खरातांनी कबूल केलं, "नाना, मी नेला. पण गाठ सुटली. तुकडा पातेल्यात उसवला."

पुढच्या नाताळला सकाळीच नाना खरातांच्या दारात! स्वतः खाली बसले, पान बांधावं तसा तुकडा बांधला, हात धुतले, कोरा चहा घेतला आणि निघाले.

मी विचारलं, "नाना, माळकरी तुम्ही, हे कसं?"

"मी खात न्हाई. पण माझ्या दोऱ्यानं वाकडं बांधलेलं मला बघवत न्हाई."

दरवर्षी यायचे. भर दिवसा, समोरच्या दारानं. खाणारे आम्ही अंधार पडायची वाट बघायचो.

*

मंग हवा बदलली. नव्वदनंतरची गोष्ट. संपादकसाहेबांनी अग्रलेख लिहिला, बड्याचं खाणाऱ्यांना गावाबाहेर काढा म्हणून. तपासायला अर्थातच खरातांकडं आला. खरातांनी शांतपणे चौदा चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत नेऊन दिला.

साहेबांनी सही केली. वर न बघता म्हणाले, "खरात, यंदा बटाटे जरा जास्त टाकायला सांगा."

*

त्याच वर्षी खरातांच्या सुनीताचा साखरपुडा ठरला. मुलगा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर. नाताळनंतरचा रविवार, दुपारचं जेवण. व्याह्यांसाठी रोस्ट हवंच म्हणून यंदा दोन तुकडे. नाना येऊन बांधून गेल्ते. ऑफिसातल्या सगळ्यांना आमंत्रण होतं. गेलो मी एकटा.

बरोबर बारा वाजता पोलिसांची गाडी आली. मागं दहा-पंधरा जणांचा घोळका.

जमादारानं झाकण उचललं. "काय आहे?"

"म्हशीचं आहे, साहेब. ही पावती."

"पावती ठेवा तुमच्याजवळ. पातेलं द्या."

मी मध्ये पडलो. "पंचनाम्यात म्हशीचं मांस असं लिहा!"

"काय लिहायचं ते लॅब लिहील. तुम्ही बाजूला व्हा, पत्रकार."

वाफाळतं पातेलं गाडीत गेलं. पाहुण्यांपुढं वरण-भात आला. मुलाचे वडील दोन घास खाऊन उठले. खरातांना म्हणाले, "वातावरण निवळू द्या, मंग बघू." अंगठी त्यांच्याच खिशात परत गेली.

सोमवारी 'गोमांस जप्त' अशी बातमी आमच्या पहिल्या पानावर, खरातांच्या नावासकट. पेपरच्या मालकांनी खरातांना बोलावून घेतलं. "वातावरण निवळेपर्यंत घरीच बसा."

ते निवळलं नाही. नोकरी गेली, सोयरीकही गेली.

लॅबचा अहवाल सात आठवड्यांनी आला. म्हैस. मी बातमी लिहून टेबलावर आपटली. संपादकसाहेब म्हणाले, "आता शिळी झाली. कोण वाचतंय?"

मी भांडलो, ओरडलो. बातमी छापून आली नाही ती नाहीच.

*

एक सांगायचं राहिलं.

त्या उन्हाळ्यात कोर्टाच्या एका कामासाठी अंबडला गेल्तो. आमच्या पेपरच्या एजंटाकडं चहाला थांबलो. त्यानं भजी ज्या जुन्या अंकावर ठेवून दिली, तो आमचाच. बाहेरच्या तालुक्यांसाठी आम्ही डाक आवृत्ती काढतो. ती आदल्या संध्याकाळी साडेसातला छापायला जाते आणि पहाटेच्या एसटीनं निघते. जालना शहरात ती कुणी बघतसुद्धा नाही.

भजी बाजूला सारली. अंक रविवारचा होता. साखरपुड्याच्या रविवारचा.

एजंटाला विचारलं, "हा तुझ्याकडं कधी आल्ता?"

"रविवारचा ना? सकाळी सातला. का हो?"

पहिलं पान, तीन कॉलम. 'गोमांस पातेल्यासह जप्त. शांतवन खरात यांच्या घरी रविवारी दुपारी पोलिसांचा छापा.'