सहा मणांचं बिऱ्हाड

आमच्या घरात वजनाचं माप एकच होतं, आणि ते म्हणजे माझ्या सासूबाई.

थट्टा नाही करत. रत्नागिरी बंदरापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, आत डोंगराकडं आमचं गाव. तिथं भात पायलीनं मापायचं, नारळ शेकड्यानं मोजायचे, मासळीचे वाटे घालायचे. काट्यावर तोलावं असं गावात काही नव्हतंच. वाण्याकडं तराजू होता, तोही हळद-मिरचीपुरता. पण सासूबाईंचं वजन मात्र साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. माझे यजमान पलटणीत. मोठ्या लढाईत त्यांना समुद्रापार नेलं, तेव्हा सासूबाईंनी ग्रामदेवीला नवस केला की पोर जिता परत आला तर माझ्या भारंभार गूळ वाटीन. पोर आला. देवळात तुळा झाली. एका पारड्यात सासूबाई, दुसऱ्यात घाटावरून तोलूनच आलेल्या गुळाच्या ढेपी. दीड मण भरल्या. मी तेव्हा नवी नवरी होते. त्या गुळाचा खडा मीही खाल्ला.

तेव्हापासून आमच्या घरात दीड मण हा शब्द दिवसातून एकदा तरी निघायचा. मी तांदूळ जास्त भिजवले की, "दीड मण गूळ वाटलाय मी, मला काटकसर नको शिकवूस." मी गप्प बसले तरी तेच. माझं डोकं तापायला तेवढं पुरे व्हायचं.

मग साल तिसाच्या आसपास ह्यांना हवालदारी मिळाली आणि पुण्याच्या छावणीत बायकामुलांसाठी एक खोली. सामान न्यायचे दोन मार्ग होते. सरकारी ठेकेदाराच्या हवाली करायचं, म्हणजे हंडे चेपणार आणि बरण्या फुटणार. नाहीतर आपली आपण व्यवस्था करायची. गाडी आपण ठरवायची, बोट आपण गाठायची, बंदरावरच्या काट्यावर वजन करून पावती घ्यायची, आणि सहा मणांपर्यंतचं भाडं सरकारनं भरून द्यायचं. सहा मणांच्या वर गेलं तर पदरचं. ह्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पलटणीतला माणूस, हुकमाबाहेर शेरभरही जायचा नाही.

मला जायची कोण घाई झाली होती! माझी चूल, माझी खोली, वर कुणी बोलणारं नाही. सासूबाई मागं राहणार हे न बोलताच ठरलं होतं. गाय होती, खाचरं होती, आणि तिकडे खोली एकच. चला म्हणून त्यांना कुणीच म्हटलं नाही. मी तर नाहीच.

आता सहा मण ओळखायचे कसे? ह्यांनीच युक्ती काढली. नांगराचं जू परसातल्या फणसाच्या फांदीला मधोमध टांगलं, दोन्ही टोकांना काथ्यानं फळ्या बांधल्या. "दीड मणाची आई आहे की घरात," हे म्हणाले. "चार वेळा आई, म्हणजे सहा मण."

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. देवीसमोर तोललेलं वजन ते, त्यात फरक कसा पडेल? आठ-दहा वर्षं मध्ये गेली होती, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

सासूबाई फळीवर बसल्या, दोन्ही हातांनी दोर धरून. मोठ्या मानानं बसल्या होत्या. समोरच्या फळीवर मी ह्यांची ट्रंक ठेवली, तांब्याचा हंडा ठेवला, आणि परात ठेवते न ठेवते तोच माझी बाजू खाली आली. ते उतरवलं, पुन्हा नवं भरलं. उकड्या तांदळाचं पोतं अर्धं रिकामं करावं लागलं. तिसऱ्या खेपेला गोधड्या, पाटा-वरवंटा, कुळीथ. चौथ्या खेपेला माझं जातं.

ते जातं माझ्या आईनं मला लग्नात दिलेलं. आई त्यानंतर वर्षभरात गेली. पुण्याला मी दुसरं काही नेलं नसतं तरी चाललं असतं, पण जातं मला हवं होतं. चौथ्या खेपेच्या फळीवर आधीच समई, विळी, बरण्या आणि उरलेली भांडी होती. जातं ठेवलं आणि फळी धाडकन जमिनीला लागली. सासूबाई वर टांगल्या गेल्या. समई काढली, विळी काढली, बरणी काढली, तरी त्या वरच. शेवटी जातं उतरवलं तेव्हा कुठं त्या खाली आल्या.

माझा संयम सुटला. एवढ्याशा सामानाला दीड मण कसे होतील? माझ्या मनात दुसरंच आलं. त्यांना हे जातं घरात ठेवून घ्यायचंय. मघाशी फळी खाली होती तेव्हा सासूबाईंनी अंगठा जमिनीला टेकवून अंग हलकं केलं असणार.

"पाय टेकवताय तुम्ही!" मी ओरडले. "प्रत्येक खेपेला टेकवताय. म्हणून सगळं जड भरतंय."

हे म्हणाले, "अगं, काय बोलतेस?" पण बोलले तेही हळूच, म्हणजे त्यांनाही शंका होती.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. भांडल्या नाहीत. दीड मण गुळाचं नाव काढलं नाही. दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले, लहान मूल बसतं तशा फळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये बघ बाय, घेतले वर. आता ठेव जाता."

ठेवलं. माझीच बाजू खाली गेली.

जातं राहिलं. मी ते पडवीत नेऊन ठेवलं, आदळलंच म्हणा. निघताना सासूबाईंच्या पाया पडले ते रीत म्हणून. त्यांनी माझ्या लहानग्या लेकीच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला. गाडी वळेपर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या. मी लेकीचं डोकं पदरानं झाकत राहिले, म्हणजे मागं बघायला नको.

बंदरावर पोचलो तेव्हा बोट दूर पाण्यात उभी होती आणि तिथवर नेणारे छोटे पडाव माणसं भरून घेत होते. ह्यांनी सामान काट्यावर चढवलं. कारकुनानं वजनं घातली, काढली, पुन्हा घातली.

"पावणेपाच मण," तो म्हणाला.

"सहा असेल," हे म्हणाले.

"सहा पाहिजे तर आणखी आणा. काटा माझ्या बापाचा नाही, सरकारचा आहे."

ह्यांनी दुसऱ्यांदा वजन करायला लावलं. तेच आलं. आधी मी हरखले. सव्वा मण उरतोय! जातं सहज बसलं असतं, तांदूळ बसला असता. मी ह्यांना म्हणणार होते की बघा, मी म्हणत नव्हते, काहीतरी गडबड केली त्यांनी. तोंड उघडलंही होतं.

पण ह्यांचा चेहरा पाहिला. ते बोटांवर हिशेब करत होते. "सव्वा मण म्हणजे पन्नास शेर," ते स्वतःशीच म्हणाले. "चार वेळा बसली. दर खेपेला साडेबारा शेर." मग माझ्याकडं वळले. "आई साडेबारा शेरांनी उतरली गं."

पाय टेकलाच नव्हता. टेकला असता तर चौथ्या खेपेला, पाय वर घेतल्यावर, फरक पडला असता. तो पडला नव्हता. हे मला तेव्हाच, फणसाखाली उभं राहून कळायला हवं होतं. आणि त्याच्याही आधी कळायला हवं होतं. त्यांच्या चोळ्या त्या वर्षात मी माझ्या हातानं दोनदा आत घेतल्या होत्या. "जुनं कापड ताणतंच," त्या म्हणाल्या, आणि मी दोरा तोडून मोकळी झाले. रात्रीचं जेवण त्यांनी कधीच सोडलं होतं. पचत नाही म्हणायच्या. खरं काय ते मी कधी विचारलं नाही, कारण एक ताट कमी घासावं लागायचं. रोज ज्या बाईला मी वाढत होते, तिच्यातलं एवढं माणूस कमी झालं आणि ते मला बंदरावरच्या कारकुनानं सांगावं! लाज वाटली, नुसती लाज. ट्रंकेवर बसून मी तोंडात पदर कोंबला.

पडाववाला हाका मारत होता. गावाला परत फिरून दुसऱ्या दिवसाची बोट धरली असती तर ह्यांची हजेरी चुकली असती. ह्यांनी विचारलं, "गाडीवाला परत गावाला चाललाय. जातं पुढच्या खेपेला पाठव म्हणून सांगू?"

"जात्याचं नाव काढू नका," मी म्हणाले.

गाडीवाला आमच्या वाडीतलाच, बैलांना पेंढा घालत होता. मी त्याच्याजवळ गेले. काय निरोप द्यायचा ते मला सुचेना. जेवा म्हणून सांगायला मला तोंड नव्हतं. शेवटी म्हणाले, "सासूबाईंना सांगा, पाय टेकला नव्हता."

"कुनाचा पाय, वयनी?"

"तुम्ही एवढंच सांगा. त्यांना कळेल."

शिमग्याला हे एकटे गेले आणि गाय भावकीत ठेवून सासूबाईंना घेऊन आले. त्यांची सारी चीजवस्तू एका गाठोड्यात होती, आणि ते कुणी तोललं नाही. छावणीतली खोली ती केवढी. चुलीपुढून दारापर्यंत जायचं तर मधे त्या बसलेल्या. मी ताट घेऊन आले की त्या पटकन पाय पोटाशी घ्यायच्या, मला वाट व्हावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी दर वेळी फणसाखालची ती फळी डोळ्यांपुढं यायची आणि ताटाकडं लक्ष राहायचं नाही.

एकदा आमटी सांडली. मी म्हणाले, "आई, पाय पसरून बसा ना. मी जाईन कडेनं."

त्यांनी वर पाहिलं. तोंडात दात उरले नव्हते, पण हसल्या तेव्हा सगळा चेहरा हसला.

"टेकलेला चालंल काय गो तुला?" त्या म्हणाल्या.

निरोप पोचला होता तर. मी खाली बसले, त्यांचे दोन्ही पाय धरले आणि जमिनीवर ठेवले. पाय किती हलके होते! मग उठून आणखी भात आणला.