सव्वादोन इंच

फ्रेमवाल्याला गणिताची किळस होती. भीती नव्हे, किळस. सरसाच्या डब्यात मेलेली माशी दिसावी तशी. सत्तावीस वर्षं त्याने लोकांचे फोटो काचेमागे बसवले होते आणि त्याची एकही चौकट कधी कोपऱ्यात उघडली नव्हती. तरी दहावीच्या गणितात तो नापास होता, आणि त्याचं आजवर काही अडलं नव्हतं.

आता अडलं. प्लॅस्टिकच्या तयार चौकटींनी दुकानाचं कंबरडं मोडलं होतं, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या सुतारकामाच्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. मुख्याध्यापकांनी त्याचे कोपरे बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "हात तुमचा सोन्याचा. पण दहावीचा कागद लागेल. वर्षभर थांबतो, त्यापुढे नाही." वर्षभरात परीक्षा दोनदा होत असे.

मग रोज संध्याकाळी दुकानाच्या टेबलावर त्याची लेक पुस्तक घेऊन बसू लागली.

"चोवीस बाय अठरा इंचांचा फोटो. भोवती सारख्या रुंदीची चौकट. चौकटीसकट क्षेत्रफळ सहाशे सोळा चौरस इंच. तर चौकटीची रुंदी किती?"

"हे सहाशे सोळा काढलं कुणी? त्याच्या हातात टेप होता ना? मग त्या गाढवाने रुंदीच का नाही मोजली?"

"बाबा, रुंदी क्ष धरा. ती दोन्ही बाजूंना वाढते, म्हणून चोवीस अधिक दोन क्ष, गुणिले अठरा अधिक दोन क्ष."

तिने भराभरा कंस सोडवले, सगळ्याला चाराने भागलं. क्ष वर्ग अधिक एकवीस क्ष वजा शेहेचाळीस बरोबर शून्य. अवयव पाडले. क्ष आला दोन, नाहीतर उणे तेवीस.

"उणे तेवीस इंचांची पट्टी! कुठल्या वखारीत मिळते ही?"

"ती सोडून द्यायची."

"सोडूनच द्यायची तर काढायची कशाला? शी!"

"उत्तर दोन."

"सव्वादोन," तो म्हणाला आणि भिंतीवरची पट्टी काढून तिच्यासमोर आपटली. पट्टीला आतल्या कडेने पाव इंचाची खाच असते. फोटोची कड त्या खाचेत बसते, म्हणून तर तो टिकतो. म्हणजे पट्टी बाहेर दिसते दोन इंच आणि फोटोवर चढते पाव. लेकीने कपाळावर हात मारला.

पहिल्या परीक्षेत नेमकं हेच गणित आलं. त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, 'पाव इंच खाचेत जातो, सबब उत्तर सव्वादोन.' पेपर तपासणाऱ्याने त्यावर लाल काट मारली आणि चारपैकी भोपळा दिला. तो दोन गुणांनी आपटला.

"शहाणपणा दुकानात करा," बायको म्हणाली. "तिथे त्यांना हवं ते लिहा."

दुसऱ्या खेपेला पुन्हा फोटोच आला, वीस बाय बाराचा, चौकटीसकट तीनशे चौऱ्याऐंशी. त्याने क्ष धरला, अवयव पाडले आणि उणे अठरा गुपचूप सोडून दिले. उत्तरापाशी पेन अडलं. मग लिहिलं, दोन. पास झाला काठावर. घरी सगळे हसत होते आणि हा तोंड धूत होता, पुन्हा पुन्हा.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तो वर्गात एक चौकट घेऊन गेला. फळ्यावर परीक्षेतलं वीस बाय बाराचं गणित लिहिलं आणि विचारलं, "पट्टी किती रुंद?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने वहीत मांडून सांगितलं, "दोन इंच, सर."

"बरोबर." त्याने फळ्यावर दोन लिहिलं. "ही चौकट दोन इंचांच्याच पट्टीची आहे. बाहेरून चोवीस बाय सोळा, हवं तर मोज." तिने मोजली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला वीस बाय बाराचा फोटो त्याने तिच्या हाती दिला. "बसव."

फोटो चौकटीतून आरपार गेला आणि फरशीवर आपटला. वर्ग हसला. मुख्याध्यापक दारात उभे होते, तेही हसले. तो हसला नाही.

"हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं," तो म्हणाला. "आयुष्यात एकदाच फोटो पडेल अशी चौकट केली, आणि तिच्याच जिवावर मला तुमच्यासमोर उभं केलंय. लाज वाटते मला."

त्याने फळ्यावरचा दोन पुसला नाही. शेजारी खडूने सव्वादोन लिहिलं.

"पहिलं परीक्षेत लिहा," तो म्हणाला. "आणि दुसरं विसरलात, तर माझ्यासमोर येऊ नका. घ्या करवती."