गेल्या वाटेनं येऊ नये

बदनापूरच्या अंगदला लोक तोंडावर येडा म्हणत नाहीत, एवढंच. नाहीतर घरात सर्व्हर ठेवणारा माणूस गावात दुसरा आहे कोण? जालन्याला सळयांच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो. तिथून भंगारात निघालेलं एक डबडं त्यानं घरी आणलं, त्यात लिनक्स घातलं आणि बैठकीतल्या कपाटावर चढवून ठेवलं. काम दिलं एकच, म्हाताऱ्यावर नजर ठेवायची.

म्हातारा म्हणजे त्याचे वडील, रामकिसन आबा. सहा महिन्यांखाली अंगदची माय नंदाबाई गेली आणि आबांचं चित्त जाग्यावर राहिना. अंगद जालन्याला, बायको अर्पिता शाळेत शिकवायला. दिवसभर आबा एकटे. कुठं चुकले, कुणाच्या गाडीखाली आले तर? म्हणून अंगदनं फाटकावर कॅमेरा बसवला. फाटक उघडलं की फोटो निघणार आणि जालन्यात त्याच्या मोबाईलवर येणार. जेसीबीवाले पंधरा दिवसाला केबल तोडतात, म्हणून इंटरनेटही दोन घेतले, एक केबलचं आणि एक सिमकार्डाचं.

पहिल्याच दिवशी पावणेबाराला फोटो आला. आबा फाटकातून बाहेर चालले होते. परत आल्याचा फोटो मात्र येईना. एक वाजला, दीड वाजला. मोबाईलवर कॅमेरा उघडायला जावं तर नुसतं चक्र फिरत राही. अंगदनं साहेबाला न सांगता गाडी काढली आणि घामाघूम होऊन घर गाठलं. आबा खाटेवर निवांत बसलेले.

"आबा, कुठं गेल्ते?"

"कुठं न्हाई बा. इथंच बसून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आबा रोज जाताना दिसायचे, येताना एकदाही नाही, आणि संध्याकाळी बघावं तर घरात! रोज निघून जाणारा माणूस न येताच घरात असतो, हे काय आक्रीत म्हणावं? चौथ्या दिवशी अंगदनं पाया पडायच्या निमित्तानं त्यांच्या पायाला हात लावून बघितला. पाय गरम होते, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

"सर्व्हरच खुळावलाय," तो अर्पिताला म्हणाला आणि रविवारी सकाळीच मांडी घालून बसला. दुपारपर्यंत डोळे फुटायची वेळ आली, पण दुखणं सापडलं. जालन्यातून विचारणा यायची केबलच्या वाटेनं आणि सर्व्हर दीडशहाणा उत्तर धाडायचा सिमकार्डाच्या वाटेनं. विचारलं एकाला, बोलतोय तिसराच! मोबाईल असलं उपरं उत्तर घेईल कशाला? तो ते फेकून द्यायचा. कुठलं उत्तर कुठून जायचं, याच्या अंगदनं दोन्ही वाटांसाठी दोन वेगळ्या याद्या केल्या आणि सर्व्हरला नियम घालून दिला की जे ज्या दारानं आत येईल, त्याचं उत्तर त्याच दारानं बाहेर जाईल. लगेच मोबाईलवर कॅमेरा झरझर उघडला. गडी जाम खुश.

सोमवारी मोबाईलवर फाटक आरशासारखं स्वच्छ दिसलं. आबा गेले. आले नाहीत. संध्याकाळी घरात होते.

आता मात्र अंगदच्या अंगावर काटा आला. मंगळवारी रजा टाकून तो शेजारच्या गच्चीवर दबा धरून बसला. आबा फाटकातून निघाले, तो लांबून मागं गेला. आबा बराबर नदीकाठच्या स्मशानात गेले, जिथं मायला अग्नी दिला होता तिथं तासभर बसले, काहीबाही बोलले. मग उठले आणि आल्या वाटेला पाठ करून, गिरणीच्या बोळातून मोठा वळसा घालून घराच्या मागच्या दारानं आत गेले. तिथं कॅमेरा नव्हताच.

मयतीला गेल्या वाटेनं परत येऊ नये, मेलेलं माणूस मागं येतं, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात. लोक ती रीत एक दिवस पाळतात. आबा सहा महिने पाळत होते.

"मागं दुसरा कॅमेरा लावा की," अर्पिता म्हणाली.

"कशाला फुकटचा खर्चा? मागच्या दाराला कुलूपच ठोकतो. ज्या दारानं गेले त्याच दारानं येतील."

"अहो, ते तुमचं मशीन न्हाई. बाप हायेत तुमचे."

पण दोनच दिवसांखाली एक गाठ सोडवलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. बुधवारी सकाळी त्यानं कुलूप ठोकलं.

त्या दुपारी सव्वाला मोबाईल वाजला. आबा फाटकात, तोंड घराकडे! अंगद खुर्चीतून उडालाच. त्यानं घाईघाईनं कॅमेरा उघडला आणि बघत राहिला. आबा आत आले होते, पण फाटक लावत नव्हते. एका हातानं ते उघडं धरून, अंग चोरून, बाजूला उभे होते. पाच सेकंद, दहा सेकंद. म्हाताऱ्या माणसाला पायरी चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग त्यांनी कडी घातली आणि सावकाश, कुणाच्या तरी चालीनं, ओसरीकडे गेले.

अंगद घरी आला तेव्हा आबा खाटेच्या अगदी काठावर बसले होते.

"आबा, आत सरकून बसा की. पडसाल."

"मंग तिनं कुठं बसावं?"

आबाच पुढं बोलले, रागानं नाही, थकून.

"म्या रोज तिला समजावून येत होतो, पुढं जा म्हणून. रोज चुकवून येत होतो. मोकळी व्हायला आल्ती रे ती. तू कुलूप लावलंस."

अंगद उठला, मागचं कुलूप काढून आला, दार सताड उघडं ठेवलं. आबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते आता कुठंच जाणार नव्हते. बाप घरातून हलू नये, एवढंच तर त्याला हवं होतं.

खाटेची अर्धी बाजू रिकामी होती. अंगदला भीती वाटली, खरी भीती वाटली. तरी तो बाहेर पळाला नाही. रिकाम्या बाजूला, माणसाचे पाय टेकतात तिथं तो खाली फरशीवर बसला आणि माय गेली त्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला.