अर्ध्या टनाचे साहेब

५ एप्रिल. साहेबांच्या नकाशांच्या गुंडाळ्या मी रद्दीसाठी निवडायला बसले. साहेबांना जाऊन महिना झाला. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कपाट रिकामं करून हवं होतं.

इमारती गार ठेवायचा सल्ला देणाऱ्या साहेबांना महाडच्या औद्योगिक वसाहतीत 'अर्धा टन' म्हणत. कोणी दोन टनांचा एसी मागितला की ते म्हणायचे, "आधी पश्चिमेचं ऊन अडवा. मग अर्धा टन पुरेल." बहुतेकदा पुरायचाच. एसी विकणारे त्यांना पाहून रस्ता बदलत. बारा वर्षं त्यांचे नकाशे मी संगणकावर काढले.

कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी उदबत्ती लावायचे. वारा कुठून येतो, कुठे अडतो, ते धुरावरून बघायचे. एका मॅनेजरने तर चपला काढून हात जोडले होते. साहेब त्यालाही म्हणाले, "खिडकीसमोरून बाजूला व्हा."

पोलादपूरच्या त्यांच्या स्वतःच्या घरात एसी नव्हता आणि स्वयंपाकघराची भट्टी व्हायची. गेल्या उन्हाळ्यात काकू चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं होता कामा नये. साहेब म्हणाले, "विजेशिवाय गार करतो. नकाशा होतच आलाय."

"मग तोच द्या हिकडं," काकू म्हणाल्या, "वारा तरी घालून घेते."

नकाशा चार वर्षं होतच आलेला होता. घरचं काम ऑफिसात नको म्हणून तो त्यांनी मला कधी दाखवला नाही. आज सापडला, एक नाही, नऊ. विहिरीकडच्या भिंतीत गार वाऱ्याला झरोका, छपराशी गरम हवेला वाट. प्रत्येकात ओट्यापाशी पेन्सिलीने काढलेली एक बाई उभी. शेवटच्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : 'सौ.ला विचारणे.'

काकू मागच्या दाराशी विळीवर भाजी चिरत होत्या. पदर घामाने चिंब.

"ही कोण गो?" त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"तुम्ही."

"मी? मी हितं उभी कधी असते? चिरणं, निवडणं, सगळं खाली बसून. सगळ्या कारखान्यांचं ऊन मोजलंन, पण बायको बसते कुठं ते नाय बघितलंन!"

हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. मी भाजी चिरायला घेतली.

६ एप्रिल. सकाळी सातला मी गवंडी घेऊन काकूंकडे गेले. नकाशातला साहेबांचा झरोका उभ्या माणसाच्या छातीइतका उंच होता. मी काकूंना विळीवर बसवलं, त्यांच्या खांद्याच्या रेषेत भिंतीवर खडूने चौकोन काढला आणि गवंड्याला म्हटलं, "इथे फोडा."