दुखतंय का, असं विचारायचं नाही

आज सकाळपासून धुळीचं वादळ आहे. कुवेतमधल्या महबूला भागातल्या आमच्या घरातून एरवी समुद्राची निळी पट्टी दिसते, ती आज पुसून गेली आहे. आकाश, रस्ता, समोरच्या इमारती, सगळं एकाच तांबूस रंगात बुडालं आहे. फटींना ओल्या टॉवेलच्या वळकट्या लावल्या तरी ही बारीक वाळू आत येतेच. खिडकीच्या कट्ट्यावर साचलेल्या थरावरून मी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. कोरडा, किंचित खारट वास.  वाळूच्या वासानं कुणाला सुट्ट्या आठवत असतील. मला एक निळा प्लास्टिकचा टब आठवतो, आणि त्याच्या काठावर अधांतरी थांबलेलं एका मुलीचं पाऊल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे बांधायचे. आमच्या शाळेत एक गोष्ट न शिकवताच शिकवली जायची, ती म्हणजे मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं. गुरुजींना सगळं येतं, डॉक्टरांना सगळं कळतं. शिकायचं ते एवढ्यासाठीच, की एक दिवस आपल्यालाही सगळं कळेल आणि मग भीती वाटणार नाही. हा समज मनात घेऊनच मी कुवेतला आले आणि लहान मुलांच्या जुनाट वेदनांवर संशोधन करणाऱ्या एका तुकडीत कामाला लागले. त्या माणसांचे माझ्यावर इतके उपकार आहेत, की त्यांच्याविषयी लिहिताना शब्द जपून वापरावासा वाटतो.

तुकडी कसली, इनमीन चार-सहा माणसं. प्रमुख डॉक्टर इथल्याच, रुमैथिया भागात राहणाऱ्या. बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या बुटांचा आवाज आला, की मी उगाच सरळ उभी राहायची. दुसरे मानसोपचारतज्ज्ञ, इजिप्तचे. धिप्पाड, सतत हसवणारे. मी डॉक्टर नसूनही ते मला ‘या दुक्तूरा’, म्हणजे अरबीत ‘अहो डॉक्टरीणबाई’, म्हणत, आणि मी लाजले की आणखी मोठ्यानं म्हणत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांची दुखापत केव्हाच बरी झालेली असे, पण दुखणं गेलेलं नसे. ते खोटं नसतं. घरात चोर नसतानाही घंटा वाजतच राहावी, तशा त्यांच्या नसा ओरडत राहतात. त्यावर उपाय एकच, त्या अवयवाला पुन्हा स्पर्शाची, वापराची सवय लावायची. आणि आमच्या संशोधनाचा विषय होता एक साधा नियम. मुलाला ‘दुखतंय का’ असं विचारायचं नाही. आम्ही नाही आणि आईवडिलांनीही नाही. विचारलं, की मूल आत डोकावून दुखणं शोधतं आणि ते सापडतंच. त्याऐवजी विचारायचं, ‘आज काय केलंस?’

ऐकायला सोपं वाटतं. पण मी ज्या घरातून आले, तिथे प्रेम करायची दुसरी भाषाच नव्हती. लहानपणी माझा कान ठणकायचा तेव्हा आई तव्यावर गरम केलेलं फडकं कानाशी धरून सारखी विचारायची, “दुखतंय का गं बाई?” औषधापेक्षा त्या प्रश्नानंच मला बरं वाटायचं. पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं, “असं न विचारल्यानं मुलं खरंच लवकर बरी होतात?”

त्या म्हणाल्या, “माहीत नाही. माहीत असतं तर संशोधन कशाला केलं असतं?”

 एवढ्या शिकलेल्या बाई, आणि माहीत नाही?

ती मुलगी आली तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. दापोलीकडचं कोकणी मुस्लिम कुटुंब. वडील इथे कार्गोच्या कचेरीत होते, आई घरीच. शाळेच्या जिन्यात मुलीचा घोटा मुरगळला, तो बराही झाला, पण नंतर पावलाला मोजा लागला तरी ती किंचाळायची. पाऊल गार पडलेलं, निळसर. महिनोन्‌महिने ते जमिनीला टेकलं नव्हतं. आपल्या बोलीचं माणूस दिसल्यावर तिच्या आईनं माझा हातच धरला. “ताई, पोरगी पायाला हात लावू देत नाय हो. रात्रंदिस विचारतंय मी, दुखतंय का गो, दुखतंय का गो. आणि हे डॉक्टर सांगतात, विचारू नको! आईनं विचारू नाय तर कोणी विचारायचं?” मला तिचं पटत होतं आणि मला तिला समजावायचं होतं. दोन्ही एकाच वेळी.

स्पर्शाची सवय लावायला आमच्याकडे तांदळानं भरलेला टब होता. मुलं त्यात पाय रुतवत. मी रुजू झाले तेव्हा त्या तांदळाला बोट लावून ते कपाळाला टेकवलं होतं, कुणाला दिसणार नाही असं. ही आई मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, “अन्नात पाय? नको गो बाय.” डॉक्टरांना मी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, खाली पडलेला रोटीचा तुकडा त्यांची आजी उचलून ओठांना लावायची आणि उंच जागी ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गाडीतून समुद्राची वाळू आणली. धुतलेली, चाळलेली. तांदूळ गेले, वाळू आली.

त्या वाळूत त्या मुलीची बोटं आधी नुसती टेकली, मग रुतली, मग पाऊल गेलं. आठवडेच्या आठवडे गेले त्यात. आणि एके दिवशी, मी तिला दोन्ही पायांवर भार टाकायला सांगत असताना, ती किंकाळी फोडून कोसळली. पाऊल बघता बघता लालबुंद झालं, सुजलं. वडील दारातच उभे होते. “बस झाले तुमचे प्रयोग,” एवढंच म्हणाले. इतके महिने वापर नसलेलं हाड ठिसूळ होतं, हे मी शिकले होते. आपण हाड मोडलं, आपण, या हातांनी, एवढा एकच विचार मी करत राहिले. मुलीला एक्स-रेसाठी नेलं. आता नुसती वाट पाहायची होती.

त्या व्हरांड्यातलं ते वाट पाहणं मी विसरू शकत नाही. सतत हसवणारे ते इजिप्तचे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांनी हात कोटाच्या खिशात खोल घातले होते. मी न राहवून म्हणाले, “मॅडम, मला फार भीती वाटतेय.”

“मलाही,” त्या म्हणाल्या. “दर मुलाच्या वेळी वाटते.”

“माझी तर पँटसुद्धा घाबरलीय, या दुक्तूरा,” ते हळूच म्हणाले. हसलं मात्र कुणीच नाही.

ज्यांना सगळं माहीत असतं अशी माणसं जगात नाहीत, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. गावाकडच्या शाळेपासून धरून आणलेला आधार सुटला. पण विचित्र असं, की त्या दोघांविषयीचा आदर तसूभरही कमी झाला नाही. इतकी भीती पोटात घेऊन ही माणसं रोज सकाळी वेळेवर येत होती, वाळू चाळत होती, मुलांना हसवत होती.

हाड शाबूत होतं; सूज आणि लाली त्या ओरडणाऱ्या नसांचीच होती. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि माझी खरी भीती तिथेच सुरू झाली. हाड मोडलं असतं तर प्लास्टर घालून सुटका होती. शाबूत होतं, म्हणजे तिला पुन्हा उभं करायचं होतं. डॉक्टरांनी वडिलांना शेजारी बसवून एक्स-रे दाखवला, हळू आवाजात, आम्हांला काय ठाऊक आहे आणि काय नाही ते दोन्ही सांगितलं. शेवटी वडील म्हणाले, “तिला विचारा. ती हो म्हणाली तर.”

मुलगी टबाशेजारी बसली होती, पाय छातीशी घेऊन. “आँटी,” ती म्हणाली, “तुमचे हँड्स शेक होतायत. यू आर स्केअर्ड?”

“हो.”

“खूप?”

“खूप.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत तिच्या भीतीला पहिल्यांदाच सोबत मिळाली असावी. “ओके,” ती म्हणाली, “मग शूज काढा. टुगेदर करू.”

मी बूट काढले. टबात चार पावलं कशीबशी मावली. ती माझ्या दंडात नखं रुतवून रडत होती, आणि रडत रडत दोन्ही पायांवर उभी होती. दाराशी तिची आई आली. तिचे ओठ हलले, “दुख—” एवढा आवाज आला आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मग पदर बाजूला करून म्हणाली, “आज काय केलंस गो?”

“नथिंग, अम्मी,” मुलगी हुंदके देत म्हणाली. “जस्ट उभी आहे.”

पुढे ती चालायला लागली. सगळीच मुलं चालली नाहीत. एक मुलगा तर चाकांच्या खुर्चीतच परत गेला. त्याचा चेहरा आठवला की अजून प्रश्न पडतो, आपलं काय चुकलं. संशोधनातूनही हवं तसं लख्ख उत्तर हाती आलं नाही. ते इजिप्तचे गृहस्थ मायदेशी परतले. डॉक्टर अजून कधीमधी दिसतात, केस पांढरे झालेत. निळा टब कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही.

नियम मात्र माझ्या अंगात मुरला. आई आता थकली आहे, गुडघ्यांनी बेजार आहे. फोनवर मी न चुकता विचारते, आज काय केलंस? आजही विचारलं. मेथी निवडली, म्हणाली. देवळापर्यंत गेले, म्हणाली.  

“एवढी पायाची डॉक्टरीण झालीस,” ती म्हणाली, “पण दुखतंय का म्हणून कधी इचारत न्हाईस मला.”

बाहेर वारा खिडकीवर वाळू फेकत होता. त्या व्हरांड्यातली भीती जशीच्या तशी परत आली. कुणाला हा प्रश्न विचारायचा नसतो आणि कुणाला तो विचारल्यावाचून चालत नाही, हे मला अजूनही कळत नाही.

“दुखतंय का गं आई?” मी विचारलं.

“दुखतंय की बाई,” ती म्हणाली, आणि कुठे, कसं, केव्हापासून, हे मनापासून सांगत बसली. मी ऐकत राहिले. कट्ट्यावरच्या वाळूत माझं बोट आपोआप फिरत होतं, आणि वरून नवी वाळू साचत होती.