बूच, पंप आणि आमची एकुलती एक बोट

बोटीत पाणी आणि बोट क्लबात किस्से कुठून शिरतात, हे आजवर कुणालाच सापडलेलं नाही. आज उपसले, की उद्या पुन्हा घोट्यापर्यंत!

येलदरी धरणाच्या पाण्यावर आमचा बोट क्लब आहे. क्लब म्हणजे पत्र्याची एक खोली, बारा लाइफ जॅकेटं आणि एक मोटरबोट. मी तिकीट खिडकीवर बसते. मालक अण्णा. वालूरला तीस वर्षं त्यांचं मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. बोट चालवतो मारुती. दिवाळी झाली की तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. यंदा पहिल्यांदाच गेला नाही, कारण पोरगी दहावीला आहे. तिला एकटी ठेवायची नाही आणि फडावर तर न्यायचीच नाही. बोट चालली तर पोरीची परीक्षा होणार, बोट बंद पडली तर पुन्हा कोयता. हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही आम्ही काय काय उद्योग केले, ते ऐका.

*

बोटीच्या मागच्या अंगाला, तळाशी, एक भोक असतं. त्याला बूच असतं. बोट जमिनीवर असली की बूच काढून ठेवायचं, पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात उतरवताना लावायचं. एवढंच शास्त्र!

पण उद्घाटन होतं दसऱ्याला. अण्णांकडे दसऱ्याला पाना, पकड, पेटी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्यांनी बुचालाही लावलं आणि मोठ्या भक्तीने तबकात, नारळाशेजारी ठेवलं. मग हार झाला, नारळ झाला, प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. भाषणात "पर्यटन विकास" सात वेळा आला. पाहुणे फोटोसाठी बोटीत चढले आणि आम्ही टाळ्या वाजवत बोट पाण्यात ढकलली.

बूच तबकातच!

पाण्याने बूट भरले, तरी पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतच होते. त्यांच्या मागे पोखर्णीचे एक नाना बसले होते. शेतात चार बोअर मारले आणि चारही कोरडे गेले, असा हा माणूस. तळातून उसळणारी धार बघून त्यांनी हात जोडले.

"लागलं की वो पाणी! दोन इंची तर आरामात हाय!"

*

त्या दिवसापासून अण्णांनी पाण्याशी वैर धरलं. बोटीतलं पाणी उपसायचा पंप मागवला. तांब्याएवढा पंप. तळाशी पाण्यात बसवायचा, बटण दाबलं की नळीतून पाणी बाहेर. सोबत माहितीपत्रकही होतं. मी ते वाचायला घेतलं, तर अण्णांनी काढून घेतलं.

"तीस वर्षं झाली पंप खोलायलोय मी. आता मला कागुद शिकवणार का?"

विहिरीवरची मोटार पहिल्यांदा चालू करताना पाइपात पाणी भरावं लागतं, नाहीतर ती उचलत नाही. शेतातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तेव्हा अण्णा म्हणाले, "पंपाला आधी पाणी पाजावं लागतं." नेमकी त्या दिवशी बोट कोरडी ठणठणीत होती. अण्णांनी मारुतीकडून आत चार बादल्या पाणी ओतवलं. बटण दाबलं. पाच मिनिटांत चारही बादल्या बाहेर!

"बगा! टिपूस ठेवला न्हाई!"

"अण्णा, ते आपणच ओतलं होतं."

"मंग काय झालं? उपसलं का न्हाई?"

पुढे महिनाभर रोज सकाळी मारुती बोटीत चार बादल्या पाणी ओतायचा आणि पंप ते बाहेर काढायचा. पंपाबद्दल अण्णांची एकही तक्रार नव्हती.

*

मारुती बोलायला कंजूष माणूस. दिवसाला चार वाक्यं बोलला तर खूप झालं.

एकदा परभणीच्या एक काकू नव्याकोऱ्या चपला घालून आल्या. बोट थोडी पुढे गेली आणि त्या ओरडल्या, "अगं बाई, बोटीत पाणी आहे!"

मारुतीने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग धरणाकडे पाहिलं.

"मावशी, आत लय थोडं हाय. बाहीर बगा किती हाय!"

उतरल्यावर काकू तडक माझ्या खिडकीशी आल्या. "तुमचा ड्रायव्हर फार बडबड करतो!"

*

आम्हाला परवाना देणारं एक ऑफिस आहे. त्याचं नाव घेत नाही, पुन्हा त्याच दारात जायचंय. त्या ऑफिसातून पत्र आलं: "बोटीत साचणाऱ्या पाण्याची विल्हेवाट कोठे लावण्यात येते?"

मी लिहिलं, "धरणात."

दुसरं पत्र आलं: "धरणात बाहेरील पाणी सोडण्यास परवानगी घेतली आहे काय? नसल्यास सोडू नये."

मी लिहिलं, "सदर पाणी बाहेरील नसून धरणातीलच आहे."

तिसरं पत्र आलं: "मग धरणातील पाणी बोटीत घेण्यास परवानगी कोणी दिली?"

हा पत्रव्यवहार मिटेपर्यंत मारुती बोटीतलं पाणी बादलीने काठावर नेऊन कढीपत्त्याच्या झाडाला घालत होता. झाड मात्र छान वाढलं.

*

आणि मग तपासणीचा दिवस आला. त्याच ऑफिसातले साहेब सही करणार तरच बोट पुढे चालणार. मारुती सकाळपासून बायकोचं जुनं लुगडं घेऊन बोटीचा तळ पुसत होता. एकच जागा चार-चार वेळा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

साहेब आले ते ऑफिसातल्या चौघांना आणि हुरड्याला सोबत घेऊनच. तपासणीही बोटीत, हुरडाही बोटीत, वर भाजलेल्या शेंगा! फाइल सांभाळायला मी आणि पंप दाखवायला अण्णा. बोट काठोकाठ भरली.

मध्यावर पोचेपर्यंत लाटांचं पाणी आत आलं होतं आणि त्यावर शेंगांची टरफलं तरंगत होती. अण्णांनी ऐटीत बटण दाबलं. पंप घुर्रर्र करून गप्प झाला. त्याच्या तोंडात टरफलं अडकली होती. अण्णांनी पुन्हा दाबलं, थापट मारली, शेवटी वालूरच्या दुकानातल्या दोन शिव्याही दिल्या. पंप ढिम्म!

साहेबांनी पाय वर घेतले, तोंडातली शेंग संपवली आणि पेन काढलं. "पाणी निघत नाही, असं लिहावं लागेल. बोट बंद."



मारुती मागे इंजिनाचा दांडा धरून बसला होता. तो म्हणाला, "निघतंय साहेब. घट्ट धरून बसा."

आणि त्याने वाकून बूच उपटलं!

अण्णा किंचाळले. पण मारुतीने दांडा पिळून बोट अशी सोडली की आम्ही सगळे मागे कलंडलो. बोट जोरात पळत असली की त्या भोकातून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. थांबली, की धरण आत येतं. आमची पळत होती. बघता बघता पाणी गेलं, टरफलं गेली, तळ कोरडा झाला.

साहेब खूश! "वा रे वा! हे तर पंपापेक्षा भारी! लिहितो, पाणी उत्तम निघतं." त्यांनी फाइल मांडीवर घेतली. पण पेन कागदावर टिकेना. "जरा थांबव बोट. सही करतो, हात हलतोय."

मारुती थांबेना. त्याने बोट वळवली आणि धरणात गोल गोल फिरवायला लागला.

"अरे, थांबव म्हणतो ना! आणि ते बूच कुठंय?"

"खिशात हाय साहेब. सही झाली की लावतो."